संमोहनोपचार नेमका कोण करतो आहे?

संमोहनाचा वैद्यकीय उपयोग समजून घ्यायचा तर मला पोटापासून सुरुवात करणे योग्य वाटते. पोटात कळा येतात, पोट फुगते, शौचाचे वेळापत्रक कोलमडते आणि तपासण्यांत मात्र काहीच सापडत नाही, अशा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) या आतड्याच्या विकाराने बेजार झालेल्या रुग्णांवर मँचेस्टरचे पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल यांनी संमोहन वापरून पाहिले आणि १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. या पद्धतीत रुग्ण शांत अवस्थेत पोटावर हात ठेवतो, तळव्याखाली ऊब पसरत असल्याची कल्पना करतो आणि आतड्याची हालचाल संथ वाहणाऱ्या नदीसारखी डोळ्यांसमोर आणतो. घरीही त्याला हाच सराव रोज करायचा असतो. औषधांनी बारा महिन्यांत गुण न आल्यास या उपचाराचा विचार करावा, असे उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००८ मध्ये सुचवले.

बेल्जियममधील लिएज येथे भूलतज्ज्ञ १९९२ पासून स्थानिक भूल आणि अत्यल्प गुंगीच्या औषधाला संमोहनाची जोड देत आले असून थायरॉइडच्या शस्त्रक्रियाही त्यांनी अशा रीतीने पार पाडल्या आहेत. काही दंतवैद्य सुईची धास्ती घालवण्यापुरताच त्याचा आधार घेतात.

मानसशास्त्रज्ञ सहसा केवळ संमोहनावर विसंबत नाहीत. विमानप्रवासाची भीती असेल तर सैलावलेल्या अवस्थेत त्या प्रवासाचा टप्प्याटप्प्याने मानसिक सराव करून घेतात आणि सोबत विचारांवरही काम करतात. मनोविकारतज्ज्ञ याहून सावध असतात, कारण भ्रम किंवा भास होणाऱ्या रुग्णाला संमोहित करणे धोक्याचे ठरू शकते.

वेलनेस केंद्रांत झोप आणि ताण यांसाठी होणाऱ्या शिथिलीकरणाला माझा आक्षेप नाही. धूम्रपान सोडवण्याच्या हमीला मात्र आहे, कारण त्याचा पुरावा तोकडा आहे. पूर्वजन्माच्या ‘आठवणी’ काढून देणाऱ्यांबद्दल तर मला स्पष्ट विरोध नोंदवावासा वाटतो. संमोहनात आठवणींची अचूकता वाढत नाही, त्यांवरचा विश्वास तेवढा वाढतो, आणि सुचवलेली गोष्ट प्रत्यक्ष घडली होती अशी रुग्णाची खात्री होऊन बसते.

म्हणून संमोहनासाठी कोणाकडे जावे असे कोणी विचारलेच, तर मी उपचार करणाऱ्याला एकच प्रश्न विचारायला सांगते: ‘संमोहन वापरायचे नाही असे ठरले, तर माझ्या त्रासावर तुम्ही काय उपचार कराल?’ दंतवैद्याकडे आणि भूलतज्ज्ञाकडे याचे उत्तर असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडेही असते, शिवाय त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी तपासता येते.