इकोची वायर

जुलैचा पाऊस लागला की देवगड तालुक्यातल्या माझ्या मुलांचे व्हिडिओ बंद पडतात. मी रत्नागिरीत, मुलं आपापल्या गावात, रोबोटचे किट एसटीच्या पार्सलने गेलेले. मग शिकवणं उरतं ते नुसत्या आवाजावर.

त्या दिवशी नववीतल्या एका मुलीची गाडी जागची हलेना. समोर वीस सेंटीमीटरच्या आत काही आलं की थांबायचं, एवढाच प्रोग्राम. मी धरूनच चाललो की सेल उतरलेत. पाऊण तास तिला सेल बदलायला, मोटार ड्रायव्हरचे, म्हणजे मोटारी चालवणाऱ्या सर्किटचे, स्क्रू आवळायला लावले. शेवटी तीच म्हणाली, "सर, ओटीजी केबलने बोर्ड फोनला जोडलाय. अंतर सारखं शून्य दाखवतोय."

शून्य! म्हणजे गाडी सांगितलेलंच करत होती. गाडीचा अंतर मोजणारा सेन्सर 40 किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो आदळून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढता येतं. इकोच्या वायरीवरून परतीचा सिग्नल आलाच नाही, तर गाडी चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डाचं, ही वेळ मोजणारं पल्सइन फंक्शन शून्य देतं. शून्य वीसपेक्षा कमी, म्हणून गाडीच्या लेखी भिंत नाकाला टेकलेली. हे मला आधी सुचायला हवं होतं. ते तिने पकडलं, याचा आनंद मात्र मोठा होता.

"मल्टिमीटर बीपवर लाव. सेन्सरच्या चारही वायरी काढ, एकेकीची दोन्ही टोकं तपास. फोन जवळ ठेव."

वायर आतून अखंड असेल तर मीटर बीप करतो. कौलांवरच्या पावसात मी कान देऊन ऐकत होतो. व्हीसीसी, बीप. ग्राउंड, बीप. ट्रिग, बीप. मग काहीच नाही.

"सर, इकोची. टोक हिरवट झालंय. पितळी भांड्यात ताक कळकतं ना, तसं."

खारी हवा! किटमध्ये जादा वायर नव्हती, ती चूक माझी. मी पार्सलचा हिशेब करत होतो, तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला, "आमसुलान घास गो."

मी घाईघाईने म्हटलं, "घास, पण नंतर साध्या पाण्याने धू. आंबट राहिलं तर पुन्हा खाईल. चुलीच्या उबेला पूर्ण सुकव, मगच जोड."

वीस मिनिटं फोन तसाच चालू राहिला. मग बारीकसा बीप. थोड्या वेळाने मोटारींची घुरघुर सुरू झाली, लांब गेली आणि थांबली.

"सर, तांदळाच्या डब्यासमोर थांबली! पट्टीने मोजते हां... अठरा."