तुम्ही विचारलंत म्हणून: टॅब्लेट चार्ज होतो, मग संगणकात का दिसत नाही?

‘टॅब्लेट केबलने संगणकाला जोडला, चार्जिंग सुरू झाले, पण संगणकात तो दिसतच नाही; आता काय करू?’ हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारत असते. विचारणारी व्यक्ती बहुधा अडचणीत असते. टॅब्लेटमधली जागा संपलेली असते, किंवा तो दुरुस्तीला द्यायचा असतो आणि त्याआधी आतले फोटो, ध्वनिमुद्रणे, सह्या केलेली कागदपत्रे संगणकावर उतरवून घ्यायची असतात. बोलण्याच्या ओघात ती व्यक्ती हमखास एक वाक्य बोलते: ‘केबल चांगली आहे, कारण चार्ज होतोय ना!’ माझे उत्तर या वाक्यापासूनच सुरू होते, कारण चार्ज होण्यावरून केबलबद्दल जेमतेम अर्धीच गोष्ट कळते.

संगणकात खुपसायचा यूएसबीचा नेहमीचा चपटा, आयताकृती प्लग हातात घ्या आणि उजेडात धरून त्याच्या तोंडात पाहा. आत एका पट्टीवर चार सोनेरी रेघा दिसतील. कडेच्या दोन रेघांमधून वीज वाहते, मधल्या दोन रेघांमधून माहिती. अधिक निरखून पाहिलेत तर कडेच्या दोन्ही रेघा मधल्यांपेक्षा किंचित पुढपर्यंत आलेल्या आढळतील. तशी रचना मुद्दाम केलेली आहे, म्हणजे प्लग आत सरकवताना आधी वीज जोडली जाते आणि मग माहितीचा मार्ग. म्हणूनच प्लग पूर्ण आत बसला नसेल, तर टॅब्लेट खुशाल चार्ज होत राहतो आणि संगणकाला मात्र त्याचा पत्ता नसतो. शिवाय केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलींमध्ये माहितीच्या दोन तारा मुळातच घातलेल्या नसतात. दिवे, हेडफोन, खेळणी अशा वस्तूंबरोबर आलेल्या केबली पुष्कळदा याच जातीच्या असतात आणि घरातल्या खणात त्या इतर केबलींमध्ये अशा मिसळून जातात, की नुसत्या पाहून ओळखता येत नाहीत.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की सेटिंग्जमध्ये काहीही बदलण्याआधी केबल बदलून पाहावी, आणि बदली केबल अशी घ्यावी जिच्यातून दुसऱ्या एखाद्या उपकरणाच्या फाइली नुकत्याच उतरवल्या आहेत. हे मी फार आग्रहाने सांगतो, कारण मी स्वतः एकदा पूर्ण संध्याकाळ ड्रायव्हर (संगणकाला उपकरणाशी बोलायला लावणारे छोटे सॉफ्टवेअर) काढण्यात आणि पुन्हा बसवण्यात घालवली होती, आणि शेवटी दोष निघाला तो टेबलावर समोरच पडलेल्या केबलीत. त्या दिवसापासून ‘फक्त चार्जिंग’ असे लिहिलेली चिठ्ठी मी अशा प्रत्येक केबलीला चिकटवून ठेवतो. ही सवय लहान वाटेल, पण तिने माझा आणि इतरांचा बराच वेळ वाचवला आहे.

केबलीबरोबर पोर्टचाही विचार करावा. डेस्कटॉप संगणकाच्या पेटीवर पुढच्या बाजूला जी यूएसबीची तोंडे असतात, ती आतून एका वेगळ्या वायरीने मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटपट्टीला, जोडलेली असतात. मागच्या बाजूची तोंडे थेट मदरबोर्डवर बसवलेली असतात. पुढची वायर सैल असली किंवा कमी प्रतीची असली तर कीबोर्ड-माऊस चालतात, परंतु मोठ्या फाइली उतरवताना जोडणी तुटते. त्यामुळे तपासणी नेहमी मागच्या पोर्टवर करावी आणि मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) किंवा एक्स्टेन्शन केबल असू नये. निळ्या रंगाचा पोर्ट बहुधा यूएसबी ३.० चा असतो. जुना टॅब्लेट त्यात रुसत असेल, तर शेजारच्या काळ्या पोर्टमध्ये लावून पाहावा.

टॅब्लेटच्या बाजूचे तोंड तर सगळ्यांत दुर्लक्षित. पिशवीत, खिशात, सोफ्याच्या कोपऱ्यात राहून त्यात कापसासारखे तंतू आणि धूळ जमते, आणि प्रत्येक वेळी प्लग लावताना तो थर आतल्या आत आणखी दाबला जातो. टॉर्चच्या उजेडात पाहिल्यास आतल्या भिंतीवर करड्या नमद्यासारखा थर दिसतो. टॅब्लेट पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकच्या टोकाने तो हळूहळू बाहेर ओढावा. सुई किंवा टाचणी मुळीच घालू नये. प्लग पूर्वीसारखा ‘कट्’ असा आवाज करून बसू लागला, की काम झाले असे समजावे.

आता जोडणीची शारीरिक बाजू ठीक आहे असे धरू. केबल लावताच विंडोजमधून एक छोटा आवाज येतो आणि केबल काढताच दुसरा येतो. माझ्या दृष्टीने हा आवाज फार मोलाचा आहे. स्पीकर चालू असूनही आवाज आलाच नाही, तर माहितीच्या तारांपर्यंत संपर्क पोचलेला नाही, म्हणजे वर सांगितलेल्या गोष्टींकडेच परत जावे. आवाज आला, ‘धिस पीसी’मध्ये टॅब्लेटचे नाव दिसले आणि उघडल्यावर मात्र आत काहीच सापडले नाही, तर केबल निर्दोष आहे आणि अडवणूक टॅब्लेट करतो आहे. मला येणाऱ्या प्रश्नांपैकी बहुतेकांचे उत्तर इथेच सापडते.

अँड्रॉइड ६, म्हणजे २०१५ सालच्या आवृत्तीपासून, संगणकाला जोडलेला टॅब्लेट सहसा आपण होऊन केवळ चार्जिंगच्या अवस्थेत राहतो. आतल्या फाइली दाखवायच्या की नाहीत, हे त्याच्या मालकाने प्रत्येक वेळी सांगायचे असते. टॅब्लेटचे कुलूप उघडावे, पडद्यावर वरून खाली बोट ओढावे आणि यूएसबीने चार्जिंग सुरू असल्याच्या नोटिफिकेशनवर टिचकी मारावी. तिथे ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडला, की काही क्षणांत संगणकावरच्या रिकाम्या खिडकीत फोल्डर उमटतात. काहींना ही व्यवस्था जाचक वाटते. मला ती अतिशय योग्य वाटते, कारण चार्जिंगसाठी कोणत्याही परक्या संगणकाला टॅब्लेट जोडला म्हणून आतले सारे फोटो त्याच्यापुढे उघडे पडावेत, हे कोणालाच नको असेल. आयपॅडच्या बाबतीतही तेच आहे: २०१३ सालच्या आयओएस ७ पासून तो ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ असे विचारतो, आणि होकार मिळेपर्यंत संगणकाला आत येऊ देत नाही. (आयपॅड विंडोजला जोडल्यावर फाइल एक्सप्लोररमध्ये फोटो आणि व्हिडिओच दिसतात, बाकीच्या फाइलींसाठी अ‍ॅपलचे स्वतःचे सॉफ्टवेअर लागते. तेव्हा तिथे इतर फोल्डर शोधत बसण्यात अर्थ नाही.)

‘पूर्वी असे नव्हते, पेन ड्राइव्हसारखे लगेच उघडायचे,’ असेही मला ऐकवले जाते, आणि ते खरे आहे. जुनी अँड्रॉइड उपकरणे स्वतःची साठवण जशीच्या तशी संगणकाच्या ताब्यात देत असत. परंतु एकाच साठवणीवर दोन धनी एकाच वेळी लिहू लागले तर तिची मोडतोड होते, म्हणून संगणकाकडे ताबा असेपर्यंत उपकरणाला स्वतःच्याच कार्डवरचे फोटो उघडता येत नसत. खास टॅब्लेटसाठी काढलेल्या अँड्रॉइड ३.० या २०११ सालच्या आवृत्तीपासून एमटीपी (मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल) ही फाइली देण्याघेण्याची पद्धत रुळत गेली. ती मुळात मायक्रोसॉफ्टने कॅमेऱ्यांच्या फोटो-हस्तांतरण पद्धतीवरून विकसित केली होती, आणि २००८ मध्ये तिला यूएसबीच्या मानकांमध्ये स्थान मिळाले. या पद्धतीत साठवणीची किल्ली टॅब्लेटकडेच राहते. संगणक फाइल मागतो आणि टॅब्लेट ती काढून देतो, एखाद्या ग्रंथालयात आपण कपाटाला हात न लावता खिडकीवर पुस्तक मागून घ्यावे, तसे.

हा फरक ध्यानात आला, की पुष्कळशा तक्रारींचा उलगडा होतो. एमटीपीने जोडलेल्या टॅब्लेटला ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही, म्हणून जुनी बॅकअपची सॉफ्टवेअरे त्याला ओळखत नाहीत. हजारो फोटोंचा फोल्डर उघडताना फाइल एक्सप्लोररमधली प्रगती दाखवणारी हिरवी पट्टी रेंगाळते, कारण खिडकीवरचा माणूस एका वेळी एकच मागणी पुरी करतो. आणि टॅब्लेटवर नुकतीच तयार केलेली फाइल संगणकावर दिसत नसेल, तर बहुधा ती टॅब्लेटच्या सूचीत अजून चढलेली नसते. टॅब्लेट एकदा बंद करून चालू केला की सूची नव्याने बनते आणि फाइल सापडते. ‘माझी फाइल हरवली’ असे म्हणत घाबरून आलेल्या माणसाला एवढ्याने मिळणारा दिलासा मी पाहिला आहे.

संगणकाच्या बाजूचे दोष तुलनेने कमी आढळतात, पण आढळतात. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये टॅब्लेटच्या नावापुढे पिवळे चिन्ह असेल, तर त्यावर दोनदा क्लिक करून आतला कोड वाचावा: २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. अशा वेळी ड्रायव्हर इंटरनेटवरून शोधत हिंडण्याची गरज सहसा नसते, आणि अनोळखी ठिकाणाहून ड्रायव्हर उतरवण्यात धोका असतो. ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडावे, आपल्याच संगणकावर शोधायला सांगावे, आणि उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून ‘एमटीपी यूएसबी डिव्हाइस’ हे नाव स्वतः निवडावे. ते विंडोजबरोबरच आलेले असते. याला एक अपवाद आहे आणि तो भल्याभल्यांना चकवतो. विंडोजच्या ‘एन’ नावाच्या आवृत्तीत मीडियासंबंधीचे भाग वगळलेले असतात आणि त्यांच्याबरोबर एमटीपीचा आधारही जातो. मायक्रोसॉफ्टचा मोफत ‘मीडिया फीचर पॅक’ बसवेपर्यंत तिथे दुसरा कोणताही उपाय लागू पडत नाही. मॅकमध्ये एमटीपीची सोय अंगभूत नसल्याने अँड्रॉइड टॅब्लेटसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागतेच, त्यामुळे तिथे काही न दिसणे हा बिघाड नव्हे.

जोडणी जमली, म्हणजे धोका टळला असे मात्र समजू नका. काही वर्षांपूर्वी एका प्रवासाचे व्हिडिओ टॅब्लेटवरून संगणकावर नेताना मी जागा चटकन मोकळी व्हावी म्हणून ‘कट’ आणि ‘पेस्ट’ केले. मध्येच टॅब्लेट टेबलावर सरकला, प्लग क्षणभर हलला आणि जोडणी तुटली. पुन्हा जोडून पाहिले, तर दोन व्हिडिओ टॅब्लेटवरून गेलेले होते आणि संगणकावर त्यांची नावे होती, पण आकार शून्य. ते मला परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी नेहमी आधी ‘कॉपी’ करतो, दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहतो, चार-दोन व्हिडिओ संगणकावर शेवटपर्यंत चालवून बघतो आणि मगच टॅब्लेटवरचे पुसतो. फोल्डर मोठा असेल तर शंभर-दोनशे फाइलींच्या तुकड्यांनी नेतो, टॅब्लेटचा पडदा मालवू देत नाही आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावत नाही. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे हिशेबाने ६० मेगाबाइट असला, तरी प्रत्यक्षात हाती येणारा वेग त्याहून बराच कमी असतो. त्यामुळे मोठ्या संग्रहाला तासभर लागला तर काही बिघडले आहे असे समजून केबल उपटू नये.

राहता राहिला तो सर्वांत काळजीचा प्रश्न: पडदा फुटल्यामुळे स्पर्शच चालत नाही, मग कुलूप कसे उघडायचे आणि ‘फाइल ट्रान्सफर’वर टिचकी कशी मारायची? चित्र दिसत असेल, तर आशा आहे. बऱ्याच टॅब्लेटना ओटीजी (टॅब्लेटच्या तोंडात यूएसबीची वस्तू जोडू देणारा) अ‍ॅडॅप्टर लावून साधा माऊस जोडता येतो. पडद्यावर बाण उमटतो आणि त्याने नमुना किंवा पिन भरता येते. अडचण एवढीच, की माऊसने टॅब्लेटचे एकमेव तोंड अडवल्यावर संगणकाची केबल लावायला जागा उरत नाही. म्हणून अशा वेळी मी संगणकाचा नाद सोडतो, अ‍ॅडॅप्टरला एक छोटा हब लावतो, हबमध्ये माऊस आणि पेन ड्राइव्ह दोन्ही खोचतो आणि टॅब्लेटच्याच फाइल मॅनेजरमधून सगळे पेन ड्राइव्हवर कॉपी करून घेतो. हबला स्वतःची वीज असलेली बरी, कारण या जोडणीत माऊस आणि पेन ड्राइव्ह दोन्ही टॅब्लेटच्याच बॅटरीवर चालतात. तेव्हा सुरुवात करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.