पाचवं ताट

आमच्या घरात माणसं चार. नाताळच्या आदल्या रात्री मात्र टेबलावर ताटं पाच मांडतो. पद्धत आमची नव्हे, पोलंडची. तिकडं २४ डिसेंबरला आभाळात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. टेबलावरच्या चादरीखाली येशूच्या गव्हाणीची आठवण म्हणून थोडं वाळलं गवत, जेवणात बिनमांसाचे बारा पदार्थ, आणि एक ताट रिकामं. अवचित येणाऱ्यासाठी. बेथलेहेमात त्याच्या आईबापांना, मरिया-योसेफाला, उतारशाळेत जागा मिळाली नव्हती, ती रुखरुख त्या ताटात अजून असावी.

कोल्हापूरच्या माणसाला पोलंड तसं परकं नाही. १९४३ ते १९४८ या काळात गावाबाहेर वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं राहत्या घरांतून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात धाडलेले, तिथून सुटून इराणमार्गे आपल्याकडं पोचलेले. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. तिथं गेलो की माझ्या मनात एकच येतं. चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी वळिवड्याच्या आभाळात चांदणी उगवल्यावर या लोकांनी ते जादाचं ताट मांडलंच असणार. स्वतः परक्या मुलखात पाहुणे, परतायला घर नाही, आणि ताट मांडतायत तेही येणाऱ्यासाठी!

हे मी आईला मोठ्या भक्तिभावानं सांगितलं, तर ती म्हणाली, "रिकामं ताट मांडून काय करतोयस रे? मूठभर तांदूळ जादा टाक की."

आईचा आवडता माणूस बायबलातला अब्राहाम. भर दुपारी तंबूच्या दारात बसला होता, तीन अनोळखी माणसं दिसली आणि म्हातारा धावत सुटला. कोण, कुठले, काही न विचारता पाय धुवायला पाणी, झाडाची सावली, कोवळं वासरू, दूध, दही. बायकोला, साराला सांगितलं, तीन मापं सपीठ मळ. तीन मापं म्हणजे वीसेक लिटर पीठ भरतं, तिघांसाठी! पुढं ते देवाकडचे निघाले, पण पीठ आधीच मळून झालं होतं. आईचा यावर ठरलेला शेरा आहे : "पळाला अब्राहाम, पण भाकरी थापल्या सारानं."

गेल्या नाताळाची गोष्ट. आम्ही पुण्यात, आई धरून चौघं. ताटं मांडून झाली, प्रार्थनेला उभे राहणार इतक्यात बेल वाजली. पार्सलवाला पोरगा. ओटीपी सांगितला, त्यानं पाणी मागितलं. मी बाटली आणून अर्ध्या उघड्या दारातून पुढं केली. घटाघटा पिताना त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली, टेबलावरच्या पाचव्या ताटावर.

"पाहुणे यायचेत वाटतं?"

"हो," मी म्हणालो.

"मग चालू द्या," म्हणत त्यानं बाटली परत दिली आणि लिफ्टचं बटण दाबलं. मी दार लावलं. कडी सरकवताना कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला.

आईनं ऐकलं होतं. बोलली काहीच नाही. फराळाच्या डब्यातल्या करंज्या, चकल्या तिनं दुसऱ्या डब्यात भरल्या, वर दोन लाडू कोंबले. लिफ्ट खालीच अडकलेली. मी जातो म्हणेपर्यंत ती जिन्यानं निघालीसुद्धा. सत्तरी ओलांडलेली, दुखऱ्या गुडघ्यांची बाई, कठडा धरून दोन मजले चक्क पळत.

दहा मिनिटांनी वर आली, धापा टाकत, हात रिकामे.

"डबा?"

"त्यालाच दिला. गाडीवर बसून खातोय."

"नाव काय त्याचं?"

"आता ते कशाला विचारायचं," म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. "वाढा आता."