सुक्रालोज आणि पाणपिसू: 48 तासांची चाचणी

सुक्रालोज, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा कृत्रिम गोड पदार्थ, पाणपिसवांना अपाय करतो का, हे पाहायची ही चाचणी. सांगलीत ती करायची तर पहिला अडथळा पाण्याचा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन पाणपिसवांना, म्हणजे डॅफ्निया या गोड्या पाण्यातल्या इवल्या जिवांना, मारतो; आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी आणलं तर सोबत सायक्लॉप्ससारखे दुसरे बारीक जलजीवही येतात. क्षार मोजून घालून तयार केलेलं पाणीच बरं.

पिल्लं 24 तासांहून लहान हवीत. 500 मिली पाण्यात 50 मिलिग्रॅम सुक्रालोज विरघळवलं की लिटरला 100 मिलिग्रॅम होतं. ते चटकन विरघळतं, वेगळा द्रावक लागत नाही. चार बीकर या द्रावणाचे, चार साध्या पाण्याचे. प्रत्येकात 50 मिली आणि पाच पिल्लं. तापमान 18 ते 22 अंश. सांगलीचा मे महिना पाहता एसी किंवा इन्क्युबेटर हवाच. खाणं अजिबात नाही.

किराणा दुकानातल्या गोळ्या मात्र वापरू नका. त्यांत लॅक्टोजसारखे भराव असतात. त्यावर जिवाणू वाढतात, ऑक्सिजन उतरतो आणि दोष सुक्रालोजच्या माथी जातो. शुद्ध पावडरच घ्या. ऑक्सिजन शेवटीही लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली जाता कामा नये.

पिल्लं सोडताना ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडवा. वरून थेंब टाकला तर हवा चिकटून ती पृष्ठभागावर अडकतात आणि मेल्यासारखी दिसतात.

24 आणि 48 तासांनी बीकर हलकेच हलवून 15 सेकंद पाहा. जे पोहत नाही ते निश्चल. नुसत्या मिशा हलल्या तरी निश्चलच. साध्या पाण्यातल्या विसांपैकी तीन निश्चल झाली, तर चाचणी बाद.

सुक्रालोजच्या बीकरमध्ये बहुधा सगळी पोहतच राहतील. म्हणून पाणपिसवांना मारक असलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटची पडताळणी वेगळी करा, नाहीतर पिल्लं संवेदनशील आहेत हे कळणार कसं?