तिसऱ्या दिवशीही मऊ, पण माल्टचा गुंता सुटेना

टँगझोंगवाला (थोडा मैदा पाण्यात शिजवून केलेली खळ कणकेत घातलेला) लोफ एकदाचा जमला! तिसऱ्या दिवशी कापला तरी आतला भाग बोटानं दाबला की सावकाश वर येतो. क्रस्ट नरम पडली, ते सोडा. याच मैद्याचा साधा लोफ दुसऱ्या दिवशीच सुरीखाली भुगा व्हायचा. नवं एवढंच, की एकूण मैद्यातला पाच टक्के पाचपट पाण्यात ६५ अंशांपर्यंत शिजवून घेतला.

आता डोकेदुखी. विकतच्या स्लाइस ब्रेडइतका टिकाऊ मऊपणा हवा म्हणून मी माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या पिठाच्या, मागे लागलेय. पाव शिळा होतो तो नुसता वाळून नव्हे, हे बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८५२ मध्येच दाखवलं. हवाबंद ठेवलेला पावही कडक होतो आणि गरम केला की परत मऊ. शिजून फुललेलं स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट जुळत जातं. (म्हणून ब्रेड फ्रिजमध्ये नको, तिथे हे आणखी वेगानं होतं. फ्रीझर चालेल.) कारखान्यात यावर माल्टोजेनिक अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम घालतात. भट्टीत स्टार्च फुललं की ते साखळ्यांची टोकं कुरतडतं, पुढे उष्णतेनं स्वतः निकामी होतं. निकामी झालं की 'प्रोसेसिंग एड' (फक्त प्रक्रियेपुरता वापरलेला पदार्थ), आणि युरोपातल्या नियमांप्रमाणे त्याचं नाव वेष्टनावर छापायची गरज नाही. एन्झाइम मेलं हे मान्य, पण पाव मऊ राहतो तो त्याच्याच जिवावर ना? विष आहे असं मी म्हणत नाही. छापा, एवढंच म्हणणं आहे.

माल्टमध्येही अमायलेजच, पण जवाचं. स्टार्च फुलू लागतं साधारण ६० अंशांना, आणि यातलं अल्फा-अमायलेज त्याच्या बऱ्याच पुढेपर्यंत तग धरतं. शिवाय ते टोकं कुरतडत बसत नाही, साखळ्या मधूनच तोडतं. माल्ट कणकेत घातल्याचा परिणाम: पावात खुपसलेल्या थर्मामीटरवर ९६ अंश दिसत असतानाही स्लाइसच्या मध्ये ओलसर पट्टा आणि सुरीच्या दातांत लगदा. माल्ट मैद्याच्या अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणलं तर चिकटा गेला, पण जास्तीचा मऊपणाही गेला.

त्यात पाकिटावर नुसतं 'माल्ट पावडर'. डायस्टॅटिक (अमायलेज जिवंत असलेलं) आहे की नाही, हे छापायला विक्रेत्यांना काय होतं कुणास ठाऊक! आता मी घरीच तपासते. मैद्याची घट्ट खळ शिजवायची, ६० अंशांच्या आसपास निवली की चिमूटभर माल्ट ढवळायचं. जिवंत माल्ट असेल तर चमचा उभा राहील अशी खळ काही मिनिटांत पळीवाढी होते आणि चव गोडसर लागते.

हे लिहितानाच सुचलं: ही पातळ झालेली खळच टँगझोंग म्हणून का घालू नये? माल्टला त्याचं काम खळीतच करू द्यायचं, मग उकळी आणून ते मारायचं आणि गार करून कणकेत घालायचं. भट्टीत साखळ्या तोडणारं जिवंत एन्झाइम उरणारच नाही, म्हणजे चिकट्याचा प्रश्न मिटायला हवा. व्याख्येनं हेही प्रोसेसिंग एडच झालं म्हणा, पण माझ्या वहीत त्याची नोंद असेल.

कारखान्यातलं ते एन्झाइम सुटं मागवायचा बेत त्यामुळे तूर्त बाद. कणीक रात्रभर फ्रिजमध्ये फुगवायचा (थंड प्रूफचा) प्रयोगही पुढे ढकलते, दोन्ही एकत्र केले तर कशाचा गुण ते कळणार नाही. आधी खळ ६५ अंशांवर तासभर धरून पाहते. गॅसवर ते जमत नाही, तापमान सारखं वरखाली होतं. थर्मासमध्ये कुणी धरलं असेल तर किती अंश उतरतं ते सांगा.