भीमाच्या बैठकीखाली

आज संध्याकाळी नौपाड्यात भीमबेटकावरचं, म्हणजे भोपाळजवळच्या प्राचीन चित्रांच्या खडकगुहांवरचं व्याख्यान ऐकलं. डोकं अजून तिथल्या खडकांतच आहे.

१८८८ मध्ये किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आसपासच्या आदिवासींकडून माहिती घेऊन ही जागा बौद्ध असल्याचं लिहून ठेवलं. लोकांच्या तोंडी ती भीमाची बैठक. मग १९५७ मध्ये आपले पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने जात असताना त्यांना हे खडक दिसले आणि तिथल्या चित्रांना वाचा फुटली.

पण मला खरं खिळवून ठेवलं ते खोदकामाने. १९७०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी एका शैलाश्रयात (खडकाच्या नैसर्गिक छपराखालच्या निवाऱ्यात) थरामागून थर उघडले. तळाशी अश्मयुगीन हातकुऱ्हाडी, वरच्या थरांत नखाएवढी बारीक दगडी पाती. एकाच छपराखाली माणूस लाखो वर्षं येत राहिला! भिंतीवरच्या काही चित्रांत मात्र घोडेस्वार, हातात तलवारी. म्हणजे ही चित्रं बरीच अलीकडची. जमीन एक काळ सांगते, भिंत दुसरा. म्हणूनच कागद, लोककथा आणि कुदळ, तिन्ही हवेत असं माझं ठाम मत झालंय.

शेजारच्या आजी शेवटपर्यंत वहीत टिपत होत्या. किती छान वाटलं!

थंडीत भोपाळला जायचं नक्की करतेय. ठाण्यातून कोण कोण येतंय?