वय विचारण्याची विद्या

बँकेतील चोवीस वर्षांची नोकरी सोडून एक्कावन्नाव्या वर्षी मी विद्यापीठात वार्धक्यशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा नात्यातल्या बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला: "म्हणजे तू आता म्हाताऱ्यांची डॉक्टर होणार का?" म्हाताऱ्यांच्या आजारांवर उपचार करणारी वैद्यकाची शाखा वेगळी, तिला जेरिएट्रिक्स म्हणतात आणि हा शब्द इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरांनी १९०९ मध्ये रूढ केला. मी शिकले ती जेरंटॉलॉजी. माणूस म्हातारा होतो म्हणजे त्याच्या शरीराचे, मनाचे, पैशाचे, घरातल्या स्थानाचे नेमके काय होते, याचा ती अभ्यास करते. हे नाव १९०३ मध्ये एली मेचनिकॉफ यांनी दिले. आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढते असे त्यांचे मत होते आणि हे वर्गात ऐकले, तेव्हा जेवणानंतर वाटीभर ताक प्यायल्याशिवाय पानावरून न उठणारी माझी आजी मला आठवली. पुढे, १९०८ मध्ये, मेचनिकॉफ यांना नोबेल मिळाले, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, हे आमच्या प्राध्यापिकांनी लगेच सांगून टाकले.

पहिल्या सत्रात सिद्धान्त फार होते. माणूस वयाबरोबर समाजातून आपसूक अंग काढून घेतो आणि समाजही त्याला मोकळे करतो, असे १९६१ मध्ये कमिंग आणि हेन्री यांनी मांडले, आणि त्यावर पुढे अनेकांनी कडाडून टीका केली. वर्गातल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलामुलींना तो वाद परीक्षेपुरता होता. मला मात्र निवृत्तीनंतर महिनाभर रोज दहाच्या ठोक्याला बँकेत येऊन बाकावर बसणारे आमचे हेडकॅशियर दिसत होते. अंग कोणी काढून घेतले, त्यांनी की आम्ही, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.

खरा अभ्यास सुरू झाला तो स्वावलंबन मोजणाऱ्या मोजपट्ट्यांपासून. सिडनी कॅट्झ यांची १९६३ मधील मोजपट्टी सहा गोष्टी विचारते: आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून खुर्चीत येणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये पुढची पायरी मांडली. त्यांच्या यादीत फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशाचा व्यवहार अशी आठ कामे आहेत. गंमत अशी की मूळ मांडणीत स्वयंपाक, घरकाम आणि धुणे ही तीन कामे पुरुषांच्या बाबतीत मोजत नसत, त्यामुळे बाईला आठपैकी गुण आणि पुरुषाला पाचपैकी. हे वाचताना मला माझे वडील आठवले. आई गेल्यावर ते एकटे राहत होते. बँकेचे पासबुक स्वतः भरून आणत, एसटीने गावी जात, रक्तदाबाची गोळी कधी चुकवत नसत, आणि तीन दिवस बिस्किटांवर काढले हे मला शेजारच्या काकूंकडून कळले. त्या मोजपट्टीवर ते पाचपैकी पाच गुणांचे स्वावलंबी गृहस्थ होते, आणि उपाशी होते.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, क्षेत्रकार्यासाठी मी पाटण तालुक्यातील एका वाडीत गेले. प्रश्नावलीचा पहिला रकाना नाव, दुसरा वय. पहिला अर्ध्या मिनिटात भरला आणि दुसऱ्याला पाऊण तास लागला.

त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "आसंल सत्तर-पंच्याहत्तर." आधारकार्डावर १ जानेवारी १९५१ होते, म्हणजे बहात्तर. १ जानेवारी ही तारीख दिसली की आमच्या क्षेत्रातला माणूस सावध होतो, कारण जन्मतारीख ठाऊक नसलेल्या असंख्य माणसांना ती अशीच मिळालेली असते. आपल्याकडे शाळेत गेलेल्यांची १ जून असते, गुरुजींनी पटावर मांडलेली. तोंडी सांगितलेली वयेही शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या आकड्यांवर येऊन साचतात. जनगणनेचे आकडे वापरणाऱ्यांना हा दोष मोजावा लागतो, म्हणून त्यासाठी स्वतंत्र निर्देशांक आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसे ९.९ टक्के होती, असे मी उत्तरपत्रिकेत नेहमी लिहीत असे. त्या टक्क्यांत किती १ जानेवारी आणि किती १ जून असतील, हा विचार त्या ओसरीवर बसेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता.

अशा वेळी घटनांचा धागा धरावा लागतो. पुण्यातल्या माणसाला पानशेतचा पूर विचारावा, मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ, आणि कोयनेच्या खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ चा पहाटेचा भूकंप. तो विचारताच आजींनी कूस बदलल्यासारखा सूर बदलला. "थोरली पावलं टाकाय लागली व्हती. भिंत पडली ती पाळण्यावर. पोरगी माझ्या कुशीत व्हती म्हणून राहिली." मग मी मागे मोजत गेले. थोरली दीड वर्षाची धरली, तर तिचा जन्म १९६६ चा. त्याआधी तीन वर्षे लग्न, आणि लग्नात आजी "सतरा सरून अठरावं लागलेलं" अशा. आकडा १९४५-४६ च्या आसपास आला. कार्डापेक्षा निदान पाच वर्षे जास्त.

पुढे स्मृतीची चाचणी होती. फॉल्स्टाइन यांची १९७५ मधील तीस गुणांची चाचणी जगभर वापरतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यांवर तिने अन्याय होतो, म्हणून १९९५ मध्ये हरियाणातील बल्लभगडच्या खेडुतांसाठी तिचे हिंदी रूप तयार झाले. माझ्या हातात मराठी भाषांतर होते. आज तारीख कोणती, या प्रश्नाला आजी म्हणाल्या, "दशमी." महिना कार्तिक, वार बुधवार, ऋतू "भाताची सुगी". त्या दिवशी २२ नोव्हेंबर होता, दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी. कागदावर "तारीख" या रकान्यापुढे चूक की बरोबर एवढेच दोन चौकोन होते. मी बरोबरवर खूण केली आणि समासात तिथी लिहिली. परत आल्यावर प्राध्यापिकांनी तो समास वाचून गुण तसाच ठेवला, पण प्रत्येक घरी हेच निकष लावले का, असे विचारले. मी लावले नव्हते. आधीच्या दोन घरांत "अमावस्या होऊन आठ-नऊ दिवस झाले" अशी उत्तरे मी चुकीत टाकली होती. ती दोन्ही घरे पुन्हा करावी लागली.

चालण्याची चाचणी उरली होती. खुर्चीवरून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे; बारा सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. घरात खुर्ची नव्हती. शेजारून प्लास्टिकची आणली, तर आजी तिच्या अगदी कडेवर, पाहुण्यांच्या घरी बसावे तशा बसल्या आणि उठताना तोल सावरण्यातच वेळ गेला. चौदा सेकंद. वेळ टिपून मी मान वर केली, तोवर त्या जमिनीवर मांडी घालून तांदूळ निवडायला बसल्या होत्या, आणि चुलीवरचे दूध वर आले तशी हात न टेकता उठल्या. हे उठणे मोजायला माझ्याकडे रकाना नव्हता. कॅट्झ यांचा पलंग आणि खुर्ची त्या घरात दोन्ही नव्हते.

निघताना त्यांनी विचारले, "एवढं वय काढलंस, त्याचं काय करनार?" मी सांगितले की पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे, आणि माझ्या हिशेबाने त्यांची पंच्याहत्तरी केव्हाच झाली. आजींनी डबीतून आधारकार्ड पुन्हा काढून माझ्यापुढे धरले. "आन् ह्याच्या हिशेबानं?"

"२०२६."

"मंग तवर अर्धं तिकीट," त्या म्हणाल्या आणि कार्ड परत डबीत ठेवून तांदूळ पुढे ओढले.